ठिपका आणि टाका

दर चार तासांनी ठिपका हलतो.
पहाटे चारचा माझा.
गुल्वेन घोरत असतो. मी कॉफीचं दूध ठेवते,
ते उतू जायच्या आत
तिफेन मादेक कर्गेलेन बेटांच्या वरच्या अंगाला
बासष्ट मैल पुढे सरकलेली असते.

हिरवा ठिपका.
होडी राखाडी आहे तिची,
पण नकाशावाल्यांनी तिला हिरवा दिला.
निळ्याशार कापडाला लावलेल्या बटणासारखा दिसतो.
लाटा काढायच्या राहूनच गेल्यात त्यांच्या.

मी शिडं शिवते. एकतीस वर्षं झाली.
कॉन्कार्नोच्या धक्क्यामागे, सार्डिनच्या बंद कारखान्यात
फरशीत खोदलेल्या खड्ड्यात बसते मी,
मशीन फरशीच्या पातळीला,
आणि शीड चहूकडे पसरलेलं, गुडघाभर बर्फासारखं.
तिचं मोठं शीड सप्टेंबरात शिवलं.
वरून तिसऱ्या पट्टीच्या शिवणीत दोरा तुटला.
शुक्रवार होता, आर्मेलच्या मुलीचं लग्न,
मी गाठ मारली आणि पुढे गेले.
उसवायला हवं होतं.
हे अजून कुणाला बोललेले नाही.

शेजारचा एवेन, वय अकरा,
त्याच शर्यतीत आहे, पडद्यावर.
तोच वारा, तीच भूशिरं, चार लाख होड्या.
त्याची लाल. नाव ‘खेकडा’.
काल खिडकीतून ओरडला,
“मी तिफेनच्या दोनशे मैल पुढे!”
तो शाळेत जातो, झोपतो,
वाटाणे ताटाखाली लपवतो,
होडी आपली चालतच असते.
त्याचं शीड फाटत नाही.
ते कुणी शिवलेलंच नाही.

नाताळच्या दोन दिवस आधी, पहाटे चारला:
एकोणीस मैल.
वाऱ्याचे बाण लालभडक, आणि फक्त एकोणीस.
आठला अकरा.
बंदरावरच्या बारमध्ये कुणी म्हणालं, झोपली असेल.
कुणी म्हणालं, सुकाणू.
मी पेला पुसत बसले, माझा नसलेला.
तिसरी पट्टी, तिसरी पट्टी.
बाराला सात.
गुल्वेननं विचारलं, जेवणार नाहीस का?
मी म्हटलं, ओव्हन बंद कर.

रात्री आठला चव्वेचाळीस.
कसे ते ठिपका सांगत नाही.

फेब्रुवारीत ती आली, अकरावी.
ओहोटी उलटायची वेळ, पाऊस नुसता चेहऱ्याला चिकटणारा.
आम्ही गुल्वेनच्या मोटरबोटीतून बाहेर गेलो.
एवेनला बरोबर घेतलं, त्याच्या आईचं जाकीट घालून.
भोंगे, लाल मशाली, पन्नासेक बोटी,
सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.
मी गुल्वेनची दुर्बीण हिसकावली आणि वर पाहिलं.

तिसरी पट्टी शाबूत.
गाठ होती तशी, शुक्रवारची.

फाटलं होतं खाली,
जिथली शिवण मी फोटो काढून भिंतीला लावली होती,
शिकाऊ पोरांना दाखवायला.
तिथे आता माणूसभर लांब
नारिंगी दोऱ्याचे टाके, वाकडे,
काही बोटभर, काही तांदळाएवढे,
मध्येच दोन एकाच भोकातून.
तिचा उजवा हात अजून पट्टीत होता.
म्हणजे डाव्यानं.

“एवढी मोठी असते?” एवेन म्हणाला,
आणि कडेवरून वाकून ओकला.
‘खेकडा’ नऊ दिवसांपूर्वीच पोचला होता.
मी एका हातानं त्याची कॉलर धरली,
दुसऱ्यानं दुर्बीण, आणि टाके मोजायला लागले.
एक्केचाळीसपर्यंत आले
तेवढ्यात तिनं शीड उतरवायला घेतलं.